पर्यावरणीय साथरोगशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास : आदिलाबादच्या कापूसपट्ट्याच्या संदर्भात

प्रस्तावना

हवा, पाणी, माती, धूळ, उष्णता आणि रसायने यांचा लोकसमूहाच्या आरोग्यावर काय परिणाम होतो, हे मोजणारी ज्ञानशाखा म्हणजे पर्यावरणीय साथरोगशास्त्र होय. 'साथ' या शब्दामुळे पटकी, देवी, प्लेग असे रोग चटकन डोळ्यांसमोर येतात. उर्दूतील 'वबाइयात' या संज्ञेचेही तसेच आहे. 'वबा' म्हटले की हैजा आणि ताऊन आठवतात. परंतु या शास्त्रात साथ ही संसर्गाचीच असली पाहिजे असे नाही. एखाद्या विहिरीचे पाणी पिऊन गावातील मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडणे, जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बाईची छाती भरून येणे, फवारणी करून घरी आलेल्या मजुराला संध्याकाळी दिसेनासे होणे, हेही या शास्त्राचेच विषय आहेत.

आदिलाबादसारख्या जिल्ह्यातील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यापुढे साधारणपणे दोनच वाटा ठेवल्या जातात. वैद्यकीय प्रवेश मिळाला तर डॉक्टर, न मिळाला तर बी.एस्सी. आणि पुढे बी.एड. मधल्या वाटा त्याला कोणी दाखवत नाही, कारण त्या दाखवणाऱ्यांनाही फारशा ठाऊक नसतात. सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता येते, त्यासाठी बहुतेक ठिकाणी वैद्यकीय पदवीची सक्ती नाही, आणि त्यातही पर्यावरण व आरोग्य यांचा संबंध तपासणारी एक स्वतंत्र शाखा आहे, ही माहिती पदवीच्या वर्गापर्यंत क्वचितच पोहोचते. प्रस्तुत लेखात या शाखेत नेमके काय शिकवले जाते हे कम्युनिटी कॉलेजांतील अध्यापकांसाठी जवळच्या एका घटनेच्या आधारे मांडले आहे.

पैनगंगेच्या पलीकडे, २०१७

आदिलाबाद शहरातून महामार्गाने उत्तरेकडे निघाले की थोड्याच वेळात पैनगंगा लागते. नदीच्या पलीकडे महाराष्ट्राचा यवतमाळ जिल्हा आहे. दोन्ही तीरांवर काळी जमीन, दोन्ही तीरांवर कापूस, आणि जैनद, बेला या मंडळांतील अनेक गावांत घरातली बोली मराठीच. सोयरिकी दोन्ही बाजूंना आहेत.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारणाऱ्या शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना मोठ्या प्रमाणावर विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसे दगावली. उपचारासाठी दाखल झालेल्यांची संख्या आठशेच्या पुढे गेली. महाराष्ट्र शासनाने विशेष चौकशी पथक नेमले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. कारणांची चर्चा पुष्कळ झाली. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, त्यामुळे फवारा वर तोंडाकडे धरावा लागे. गुलाबी बोंडअळी बीटी वाणालाही जुमानत नव्हती, म्हणून फवारण्या वाढल्या. दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात. बॅटरीवर चालणाऱ्या पंपांमुळे तुषार अधिक बारीक होऊन अंगावर बसत. हवा दमट आणि उष्ण होती, त्यामुळे कोणी अंगभर कपडे, मोजे, मुखपट्टी घालून दिवसभर टिकणे अवघड होते.

यातील प्रत्येक कारण पटण्यासारखे आहे. अडचण अशी की पटणे आणि सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंच पऱ्हाटीत फवारणी करूनही हजारो माणसे धडधाकट घरी आली. मग जे आजारी पडले त्यांच्यात वेगळे काय होते? त्यांच्या हातातला पंप, डब्यातले औषध, कामाचे तास, की रिकाम्या पोटी केलेले काम? २०२० मध्ये काही कुटुंबांनी स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने हा प्रश्न थेट स्वित्झर्लंडपर्यंत नेला, कारण वापरलेल्या औषधांपैकी एकाची मूळ कंपनी तिथली होती. कंपनीने जबाबदारी नाकारली. तीन वर्षांनंतर वाद येऊन थांबला तो याच ठिकाणी की कोणत्या माणसाच्या शरीरात कोणत्या दिवशी कोणते रसायन किती गेले. आजारपणाच्या त्या आठवड्यातच कोणी पद्धतशीर नोंद करून ठेवली असती, तर विधवांना पुढे इतकी धावपळ करावी लागली नसती. पर्यावरणीय साथरोगशास्त्र ही नोंद कशी करावी याचेच प्रशिक्षण आहे.

आणखी एक बाब. महाराष्ट्राच्या चौकशी पथकाचे कार्यक्षेत्र महाराष्ट्रापुरते होते. त्यामुळे त्याची मोजणी नदीपाशी थांबली. कापूस मात्र नदीपाशी थांबत नाही.

अंश आणि छेद

शाळेत शिकवलेला अपूर्णांक या शास्त्राच्या मुळाशी आहे. आजारी पडलेल्यांची संख्या हा अंश. ज्यांना आजारी पडण्याचा धोका होता त्या सर्वांची संख्या हा छेद. वर्तमानपत्रे अंश छापतात. छेद शोधणे हे अभ्यासकाचे काम.

लंडनमध्ये १८५४ साली पटकीची साथ आली तेव्हा जॉन स्नो यांनी हेच केले. ब्रॉड स्ट्रीटवरील हातपंपाची गोष्ट सर्वश्रुत आहे, पण त्यांचे त्याहून महत्त्वाचे काम दक्षिण लंडनमध्ये झाले. तिथे दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीत, शेजारच्या घरांत होते. एक कंपनी शहराच्या खालच्या अंगाचे, सांडपाणी मिसळलेले नदीचे पाणी देई, तर दुसरीने आपली उपसा जागा वरच्या अंगाला हलवली होती. स्नो यांनी मृत्यू मोजलेच, पण कोणत्या कंपनीची किती घरे हेही मिळवले. पहिल्या कंपनीच्या घरांत दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू, दुसरीच्या घरांत ३७. नुसते मृत्यू सांगितले असते तर 'त्या कंपनीचे ग्राहकच जास्त आहेत' असे उत्तर आले असते. अनेक रहिवाशांना आपल्या घरी कोणत्या कंपनीचे पाणी येते हे माहीत नव्हते. तेव्हा स्नो यांनी पाण्यातील मिठाचे प्रमाण रासायनिक परीक्षेने तपासून ते ओळखले. आजच्या परिभाषेत त्याला संपर्काचे मापन म्हणतात.

तुलनेचा विचार त्याहून जुना आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी अबू बकर अल-राझी यांनी सरसामाची लक्षणे दिसणाऱ्या रुग्णांपैकी काहींची फस्द खोलली आणि काहींना मुद्दाम तसेच ठेवून दोहोंची तुलना केल्याची नोंद त्यांच्या 'अल-हावी'त आहे. त्यांचा निष्कर्ष आजच्या वैद्यकाला मान्य होणार नाही. पण एका बाजूला दुसरी बाजू हवी, ही जाणीव त्यात स्पष्ट आहे. आपल्याकडील व्याख्यानांत अल-राझींचे नाव अभिमानाने घेतले जाते, त्यांची ही रीत मात्र क्वचितच सांगितली जाते.

आदिलाबादमध्ये छेद शोधणे सोपे नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २७ लाख ४१ हजार होती. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याचे आदिलाबाद, मंचेरियाल, निर्मल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. आजच्या आदिलाबाद जिल्ह्याच्या वाट्याला त्यातले सुमारे ७ लाख आले. २०१५ च्या रुग्णसंख्येची २०१८ च्या रुग्णसंख्येशी सरळ तुलना करणाऱ्या विद्यार्थ्याला रोग एकदम कमी झाल्याचा भास होईल. कमी झालेला असतो तो जिल्हा. त्याहून मागे गेले तर १९५६ पूर्वी किनवट आणि राजुरा हे तालुकेही आदिलाबादेतच होते. भाषावार पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात गेले. किनवट नांदेडला राहिले, राजुरा १९५९ मध्ये चांद्याला जोडले गेले. जुन्या हैदराबाद संस्थानाची आरोग्यविषयक कागदपत्रे वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

छेद दुप्पट होण्याचेही उदाहरण जवळच आहे. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात आणि आसिफाबादच्या सीमेवर डझनभराहून अधिक गावे अशी आहेत की ज्यांवर दोन्ही राज्यांचा दावा आहे. तेथील अनेकांकडे दोन्हीकडची शिधापत्रिका आहे आणि दोन्हीकडच्या मतदार यादीत नाव आहे. अशा गावातला आजारी माणूस जो दवाखाना जवळ, त्या दवाखान्यात जातो. तो कोणत्या राज्याच्या अंशात आणि कोणत्या राज्याच्या छेदात धरायचा? हा प्रश्न परीक्षेत विचारण्याजोगा आहे.

'औषध' या शब्दाचा घोळ

कोणत्या माणसाचा कशाशी, किती आणि किती काळ संपर्क आला हे ठरवणे हा या अभ्यासक्रमातील सर्वांत कठीण भाग मानला जातो. पाण्याच्या बाबतीत तो तुलनेने सोपा असतो. नलगोंडा जिल्ह्यातील फ्लोरोसिसवर ए. एच. सिद्दीकी यांचा लेख १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हाच्या हैदराबाद राज्यात झालेले हे काम आजही संदर्भासाठी पाहिले जाते. विहिरीतील फ्लोराइड आज मोजा की उद्या, ते तिथेच असते. माणसाच्या हाडांत आणि दातांत त्याची खूणही राहते. म्हणूनच नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला पुढे तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची पद्धत बसवता आली आणि तिला नलगोंड्याचेच नाव मिळाले.

फवारणीचे तसे नाही. औषध पानावर पडते, अंगावर पडते, काही दिवसांत नाहीसे होते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके रक्तातील कोलिनेस्टरेज या द्रव्याचे काम बंद पाडतात. त्यामुळे घाम, लाळ, उलट्या, बाहुल्या आकसणे, श्वास अडकणे अशी लक्षणे दिसतात. रक्ताच्या तपासणीने ही घट कळते. परंतु निरोगी माणसांतही हे प्रमाण एकेकाचे वेगळे असते. एखाद्याचे मूळचे प्रमाण भरपूर असेल तर ते बरेच घटूनही आकडा 'सामान्य' दिसू शकतो. म्हणून हंगामापूर्वीचे प्रमाण नोंदवलेले असेल तरच नंतरच्या तपासणीला पूर्ण अर्थ येतो. कॅलिफोर्नियात फवारणीचे काम करणाऱ्यांची अशी पूर्वनोंद ठेवण्याचा नियम १९७४ पासून आहे. दुसरे असे की यवतमाळमध्ये नाव पुढे आलेल्या औषधांपैकी डायफेन्थियुरॉन हे या गटातले नाहीच. ते पेशींतील ऊर्जानिर्मितीवर घाला घालते. त्याची बाधा कोलिनेस्टरेजच्या तपासणीत दिसणार नाही. तपासणी 'ठीक' आली म्हणून रुग्णाला बाधा झाली नाही असे लिहिणारा अहवाल चुकीचा ठरेल. असा अहवाल लिहिणाऱ्याला रसायनशास्त्राचा एक धडा कमी पडलेला असतो.

मग उरते ती विचारपूस, आणि इथे भाषेच्या अध्यापकांनीही लक्ष द्यावे असा मुद्दा येतो. कीटकनाशकाला मराठी शेतकरी 'औषध' म्हणतो. उर्दू आणि दखनी बोलणारा 'दवा' म्हणतो, 'दवा मारना' म्हणजे फवारणी. तेलुगूत 'मंदु' हा एकच शब्द रोग्याचे औषध, कपाशीचे औषध आणि दारू या तिन्हींना चालतो. इंग्रजीतून भाषांतरित केलेल्या प्रश्नावलीत 'मागील आठवड्यात आपण औषध घेतले का?' असा प्रश्न असेल, तर तो गोळ्यांबद्दल आहे, दुकानातून आणलेल्या डब्याबद्दल आहे, की आणखी कशाबद्दल? खेड्यात 'त्याने औषध घेतले' या वाक्याचा चौथा अर्थही आहे आणि तो भयंकर आहे. कापूसपट्ट्यात आत्महत्येसाठी हीच औषधे वापरली जातात. शेतात बाधा झालेला माणूस आणि औषध पिऊन दाखल झालेला माणूस दवाखान्याच्या नोंदवहीत एकाच रकान्यात गेले, तर पुढचे सगळे गणित बिघडते. नुकसानभरपाईचा प्रश्नही त्यालाच चिकटलेला असतो. गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्या वाड्यांवर तर आधी कोणता शब्द वापरतात हे शोधण्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

परदेशातील चांगल्या अभ्यासांनी ही गोष्ट ओळखली आहे. कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात १९९९ पासून बर्कले विद्यापीठाने शेतमजूर मातांचा आणि त्यांच्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास केला. या माता बहुतांशी मेक्सिकोतून आलेल्या होत्या, म्हणून मुलाखती प्रामुख्याने स्पॅनिशमध्ये झाल्या. गर्भारपणात मातेच्या लघवीत कीटकनाशकांचे अवशेष जितके जास्त, तितके सातव्या वर्षी मुलाचे बुद्धिमापन कमी, असा संबंध या अभ्यासात २०११ मध्ये मांडला गेला. त्या माता घरी, रानात कोणत्या शब्दांत बोलतात हे जाणणारी माणसे नसती तर हा अभ्यास पहिल्या वर्षीच कोलमडला असता.

तुलनेचे गणित

आता एक काल्पनिक उदाहरण. सीमेवरच्या काही गावांत फवारणीने आजारी पडलेले ४० जण मिळाले असे समजू. त्याच गावांतले, त्याच हंगामात फवारणी करूनही आजारी न पडलेले ८० जण तुलनेसाठी निवडले. आजारी ४० पैकी ३० जणांनी बॅटरीचा पंप वापरला होता, १० जणांनी हाताचा. निरोगी ८० पैकी २४ जणांनी बॅटरीचा, ५६ जणांनी हाताचा. आजाऱ्यांत बॅटरी आणि हात यांचे गुणोत्तर ३, निरोग्यांत ते ०.४३ च्या आसपास. एकाला दुसऱ्याने भागले की ७ येते. याला संभाव्यता गुणोत्तर म्हणतात. बॅटरी पंपामुळे धोका सातपट, अशी बातमी दुसऱ्या दिवशी छापायला हरकत दिसत नाही.

पण विद्यार्थ्याने कामाचे तासही विचारले होते. दिवसभर फवारणी करणारे वेगळे काढले. त्यांत ३२ आजारी होते, २८ बॅटरीचे आणि ४ हाताचे, तर १८ निरोगी होते, १४ बॅटरीचे आणि ४ हाताचे. या गटात गुणोत्तर फक्त २ येते. अर्धा दिवस काम करणाऱ्यांत ८ आजारी, २ बॅटरीचे आणि ६ हाताचे, आणि ६२ निरोगी, १० बॅटरीचे आणि ५२ हाताचे. इथेही ते दोनच्या आत, सुमारे १.७ येते. सातचा आकडा दोनवर आला. बॅटरी पंपवाले मुळात जास्त तास राबत होते आणि जास्त तास राबणारे जास्त आजारी पडत होते. तासांचा दोष पंपाच्या माथी आला होता. अशा घटकाला गोंधळकारी घटक म्हणतात. तो ओळखून वेगळा काढणे पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी शिकवले जाते.

बहुतेक पाठ्यपुस्तके इथे थांबतात. खरा विचार मात्र यापुढे सुरू होतो. बॅटरीचा पंप हाताने हापसावा लागत नाही. हात दुखत नाहीत, म्हणून माणूस अधिक वेळ टिकतो. ठेक्याने फवारणी घेणारा गडी त्याच पंपाने दिवसात जास्त एकर उरकतो आणि मालकही त्याच हिशेबाने काम देतो. म्हणजे जास्त तास हा पंपाचाच परिणाम असू शकतो. तसे असेल तर तासांचा परिणाम वजा करणे म्हणजे पंपाने केलेले नुकसान हिशेबातून पुसून टाकणे. सात हा आकडा बरोबर की दोन, हे संगणक सांगू शकत नाही. कोष्टकात दोन्ही बसतात. ते सांगू शकतो तो मजुरी कशी ठरते, ठेका कसा दिला जातो, पंप कोणाच्या मालकीचा असतो हे जाणणारा माणूस. बेल्याच्या किंवा जैनदच्या शेतमजुराच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याकडे हे ज्ञान प्रवेशाच्या दिवशीच असते. त्याला संख्याशास्त्र शिकवता येते. संख्याशास्त्र येणाऱ्या शहरी विद्यार्थ्याला वावर शिकवणे त्यापेक्षा जड जाते.

जिनिंगचे उदाहरण थोडक्यात. कच्च्या कापसाच्या धुळीने फुप्फुसांचा बिसिनोसिस हा विकार होतो. सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणे, हे त्याचे ओळखीचे लक्षण. आदिलाबादच्या जिनिंग कारखान्यांत जाऊन आज कामावर असलेल्यांची तपासणी केली तर बहुतेक ठणठणीत निघतील. ज्यांना धाप लागत होती ते आधीच काम सोडून घरी बसलेले असतात. कामावर टिकलेल्यांनाच मोजल्यामुळे काम निरुपद्रवी वाटू लागते. या फसगतीला निरोगी कामगार परिणाम असे नाव आहे. त्यावरचा उपाय म्हणजे सोडून गेलेल्यांचा पत्ता काढणे.

अभ्यासक्रम आणि संस्था

सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.पी.एच., साधारणपणे दोन वर्षांची असते. जीवसंख्याशास्त्र, साथरोगशास्त्राच्या पद्धती, आरोग्यसेवा व धोरण, संशोधनातील नीतितत्त्वे हे विषय सर्वांना असतात. पर्यावरण आणि व्यवसायजन्य आरोग्याची निवड करणाऱ्याला विषशास्त्र, संपर्कमापन, हवा-पाण्याचे नमुने घेणे, नकाशांवर आधारित विश्लेषण यांची जोड मिळते. शेवटी क्षेत्रकार्यावर आधारित प्रबंध असतो. या लेखात आलेले सर्व मुद्दे त्या प्रबंधात एकत्र येतात.

हैदराबादेत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ आणि हैदराबाद विद्यापीठ, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था, पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठ, चेन्नईत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था ही या क्षेत्रातील परिचित नावे आहेत. चेन्नईतीलच श्री रामचंद्र संस्थेने चुलीच्या धुरावर आणि हवेच्या प्रदूषणावर केलेले काम जगभर वाचले जाते. व्यवसायजन्य आरोग्यासाठी अहमदाबादची राष्ट्रीय संस्था आहे. प्रवेशाच्या अटी संस्थेगणिक वेगळ्या असतात आणि बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहावे. काही ठिकाणी वैद्यकीय पदवी वा आरोग्य क्षेत्राचा अनुभव मागतात, तर अनेक ठिकाणी विज्ञान किंवा समाजशास्त्राची पदवीही चालते.

तेलंगणातील गावांत असे संशोधन होते, हेही विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने १९८७ ते १९९० या काळात हैदराबादजवळच्या २९ गावांत माता-बालकांच्या पोषक आहाराची चाचणी केली होती. ती मुले मोठी झाल्यावरही त्यांचा मागोवा घेतला गेला. त्याच परिसरातील २८ गावांत पुढे हवेचे प्रदूषण आणि हृदयविकार यांचा अभ्यास झाला. त्यात गावकऱ्यांच्या अंगावर छोटी मापनयंत्रे आणि कॅमेरे लावून कोण दिवसभरात किती धूर घेतो हे पाहिले गेले. ही गावे राजधानीच्या लगतची आहेत, आदिलाबादपासून ती दूर पडतात.

अडचणी लपवण्यात अर्थ नाही. खासगी संस्थांचे शुल्क जड आहे. शिकवणे पूर्णपणे इंग्रजीतून चालते, त्यामुळे उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पहिल्या सत्रात गांगरतो. एम.पी.एच.नंतर नोकरी बऱ्याचदा प्रकल्पापुरती, कराराची असते. शासकीय आरोग्य सेवेत वैद्यकीय पदवीधराला जे स्थान आहे ते इतरांना मिळत नाही. विद्यार्थ्याला ही वाट दाखवताना हे सगळे आधीच सांगितलेले बरे. मुलींच्या बाबतीत एक अनुकूल गोष्ट मात्र आहे. कापूस वेचणाऱ्या आणि जिनिंगमध्ये राबणाऱ्या बहुसंख्य बायकाच आहेत. पाळीच्या तक्रारी, गर्भपात, अंगावर उठलेले पुरळ याबद्दल त्या परक्या पुरुषाशी बोलणार नाहीत. त्यांच्याच भाषेत विचारणारी मुलगी असेल तर बोलतील.

पदवीच्या वर्गात काय करता येईल

यासाठी वेगळा विषय सुरू करण्याची आवश्यकता नाही. संख्याशास्त्राच्या तासाला वर दिलेले पंपाचे कोष्टक फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांत वाद घडवून आणता येतो. रसायनशास्त्राच्या तासाला शेतातून आणलेल्या रिकाम्या डब्यांवरचे लेबल वाचून घटकद्रव्य, त्याचा गट आणि उतारा यांची नोंद करता येते. मात्र डबे हाताळताना हातमोजे हवेतच, आणि शक्यतो डब्याऐवजी लेबलाचे छायाचित्रच मागवावे. लेबलावरील रंगीत त्रिकोणाचा अर्थ गावात किती जणांना ठाऊक आहे, हा एक स्वतंत्र पाहणीचा विषय होईल. भाषेच्या वर्गाने फवारणीशी संबंधित शब्दांची उर्दू, मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी अशी यादी तयार केली, तर पुढे येणाऱ्या कोणत्याही संशोधकाला तिचा उपयोग होईल. 'चक्कर', 'घेरी', 'डोळ्यांपुढे अंधारी' हे तीन शब्द एकाच लक्षणासाठी आहेत की तीन वेगळ्या, हे त्या यादीतूनच ठरेल.

याहून पुढे जायचे असेल तर एक साधी वही पुरेशी आहे. जूनमध्ये पेरणी झाली की महाविद्यालयाच्या आसपासच्या दोन-तीन गावांत फवारणी करणाऱ्या सर्वांची यादी करायची. आजारी पडणाऱ्यांचीच नव्हे, सर्वांची. मग ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला एकाच दिवशी जाऊन पाच प्रश्न विचारायचे : या आठवड्यात किती दिवस फवारले, किती तास, कोणत्या पंपाने, कोणते औषध, त्यानंतर काही त्रास झाला का. औषधाचे नाव आठवत नसेल तर डबा दाखवायला सांगायचे. दोन महिन्यांनी विचारले तर कोणालाच आठवत नाही, म्हणून आठवडा चुकवू नये. नावाऐवजी क्रमांक लिहावा, आणि नावांची यादी अध्यापकाच्या कुलपात राहावी. मालकासमोर मजुराला प्रश्न विचारू नयेत. आधी ग्रामपंचायतीला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कल्पना द्यावी, आदिवासी वाडीवर पटेलांना भेटून त्यांची संमती घ्यावी, आणि ज्याला उत्तर द्यायचे नाही त्याला तसे सांगण्याची मोकळीक असावी. संमतीचा मजकूर वाचून दाखवायचा असेल तर तो ऐकणाऱ्याच्या बोलीत लिहावा. रक्त तपासणीच्या फंदात विद्यार्थ्यांनी पडू नये. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच आणि नीतिसमितीच्या मान्यतेनेच व्हायला हवे. त्यासाठी आदिलाबादच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील सामुदायिक वैद्यक विभागाशी बोलावे.

पैनगंगेच्या पलीकडे, पांढरकवडा किंवा झरी भागातील एखाद्या महाविद्यालयाने त्याच पाच प्रश्नांची, त्याच शब्दांत, त्याच वारी अशीच वही ठेवली, तर दोन्ही तीरांचा अंश आणि छेद एका कोष्टकात मांडता येईल. वहीचे रकाने मात्र जूनच्या आधी, दोन्हीकडच्या अध्यापकांनी एकत्र बसून ठरवावे लागतील. एका बाजूने तास आणि दुसऱ्या बाजूने एकर विचारले, तर कोष्टक जुळणार नाही.